वरच्या मजल्यावर शून्य-शून्य

“आरडाओरडा करणाऱ्या पेशंटची मला कधी काळजी नसायची. तो जिवंत आहे हे सगळ्या वॉर्डाला कळतं. राउंडला मी आधी गप्प पडलेल्याच्या कॉटपाशी जायची.”

हे आत्यांनी मला दोनदा सांगितलं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, एकतीस वर्षं नर्स म्हणून काम केलेली. माझ्या बाळंतपणानंतर महिनाभर आमच्याकडे राहिल्या होत्या. पहिल्यांदा सांगितलं ते बाळाबद्दल, आणि ते मी इतकं मनावर घेतलं की बबडी झोपली की दर दहा मिनिटांनी तिच्या नाकापाशी बोट धरून बघायचे. दुसऱ्यांदा सांगितलं ते जाताना, बॅग हातात घेऊन दारात उभं राहून. छताकडे हनुवटी उडवत म्हणाल्या, “आणि हा वरचा. ओरडला की कपाळाला आठ्या पाडतेस. ज्या दिवशी ओरडणार नाही त्या दिवशी वर जाऊन बघ. एकटा माणूस आहे.”

“तो दिवस उगवू दे तरी एकदा,” मी म्हणाले.

आत्या हसल्या नाहीत. मी मात्र हसले, आणि विसरले.

वरचा म्हणजे क्रेनकाका. परदेशातल्या एका बंदरावर सव्वीस वर्षं क्रेन चालवून परत आलेले. काकू गेलेल्या, मुलगी तिकडेच लग्न करून राहिलेली. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. अकरा घरांत क्रिकेट चालायचं आणि काकांच्या घरी फुटबॉल. क्रिकेट असलं की आपली विकेट पडल्यावर अकरा घरांतून एकदमच “श्शी!” ऐकू यायचं, जिन्यात उभं राहिलं तरी स्कोअर कळायचा. काकांचं ओरडणं मात्र अवेळी आणि एकट्याचं. सगळी इमारत शांत, संध्याकाळचे साडेपाच, बबडीचा नुकता डोळा लागलेला, आणि छतातून “गोऽऽऽल!”

बबडी चार महिन्यांची होती तेव्हा एका शनिवारी माझा पारा चढला. तिला खांद्यावर टाकलं आणि वर जाऊन बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. अंगाने काडी, अंगात निळा शर्ट, त्याच्या खिशावरचं बंदराचं नाव धुऊन धुऊन वाचता येईनासं झालेलं.

“काका, रागवू नका, पण ही आज दोनदा दचकून उठली.”

“दोनदा?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “पाचला दहा कमी असताना, आणि मग पावणेसहाला?”

“हो.”

“बरोबर आहे. दोन-शून्य.” मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, “चुकलंच माझं. पण अगं, गोल झाल्यावर गप्प कसं बसायचं हे मला कधी शिकावंच लागलं नाही. तिकडे अख्खी गल्ली ओरडते, त्यात माझा आवाज कुठला कळायला?”

“इथे कळतो.”

“इथे कळतो, हो,” ते म्हणाले. हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं.

पुढच्या शनिवारपासून ते उशी तोंडावर धरून ओरडायला लागले. आवाज दबला, पण धप्प चालूच.

“उशी ठीक आहे काका. पण पाय?”

“पाय मी आपटत नाही गं, तो आपटतो. खेळच पायाचा, त्याला काय सांगू?”

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवं. वहीवरून घरात माझी यथेच्छ टिंगल व्हायची. बबडी जन्मल्यापासून मी रोजचं सगळं लिहून ठेवायचे: दूध किती वाजता, झोप किती मिनिटं, शी-शू, ताप. चार रकाने. नवरा म्हणायचा, “ही मोठी झाली की हिला वाढदिवसाला दे. शी केव्हा केव्हा केली हे कळल्यावर केवढी खूश होईल!” त्या शनिवारनंतर मी पाचवा रकाना आखला, वर “वर” असं लिहिलं. काकांच्या कुठल्या आवाजाने ती उठते ते बघायला.

दोन महिन्यांत बबडीला सवय झाली. छत कोसळलं तरी ती उठली नसती. रकाना मात्र मी बंद केला नाही, कारण एव्हाना मलाच त्याची चटक लागली होती. काकांच्या लाल शर्टवाल्या टीमने गोल केला की एक दणदणीत धप्प आणि उशीतला लांबलचक हुंकार. समोरच्यांनी केला की दोन छोटे धप्प आणि खुर्ची मागे सरकल्याची खर्र. गोल होता होता राहिला तर अर्धाच धप्प, म्हणजे पाय उचलला आणि निराश होऊन टेकवला असा. फुटबॉल मी आयुष्यात पाहिला नव्हता, पण छताकडे बघून मी स्कोअर सांगू शकत होते.

“परवा दोन-एक,” मी जिन्यात भेटल्यावर म्हणायचे. “आधी तुम्ही, मग ते, शेवटी तुम्ही.”

काका हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून हात जोडायचे. “टीव्ही न लावता मॅच बघणारी तू जगात एकटीच.”

एकदा रकाना कोराच राहिला. मी विचारलं, “शनिवारी झोपला होतात का?”

“टक्क जागा होतो. शून्य-शून्य.”

“नव्वद मिनिटं? आणि काहीच नाही?”

“काहीच नाही कसं? सगळं झालं. फक्त गोल झाला नाही.”

मला हे भारी गमतीचं वाटलं. नव्वद मिनिटं जीव मुठीत धरून बसायचं आणि पदरात शून्य. त्या दिवशी रकान्यात मी मागाहून लिहिलं, शून्य-शून्य. आणि पुढेही, आवाज आला नाही की मी तेच लिहीत गेले. चार-पाच शनिवार तसे निघाले, आणि प्रत्येक वेळी काकांनी मान डोलावली.

तिथून डोक्यात किडा शिरला. मी समाजशास्त्र शिकलेली. नोकरी सुटली तरी प्रश्न विचारायची खोड सुटली नव्हती. एका देशात हा खेळ म्हणजे जीव की प्राण, आणि आपल्याकडे बारा घरांत एकच माणूस. असं का?

नवऱ्याचं उत्तर तयार होतं. “आपण त्यात जिंकत नाही. जिथे मार खातो ते कोण बघेल?”

“जिंकत नाही म्हणून बघत नाही, की बघत नाही म्हणून जिंकत नाही?”

“तू ना, ताप मोज तिचा.”

मी काकांकडे गेले. तोवर शनिवारी हाफटाइमला बबडीला घेऊन मी अधूनमधून वर जायला लागले होते. ती त्यांच्या उशीवर लाळ गाळत बसायची आणि आम्ही वाद घालायचो.

“आमच्या धक्क्यावर जेवणाची सुट्टी अर्धा तास,” काका म्हणाले. “नऊ-दहा देशांची माणसं. बॅट काढली तर एक जण खेळणार, एक टाकणार आणि बाकीचे उभे. माझी पाळी येईपर्यंत भोंगा. फुटबॉलमध्ये पाळीच नाही. चेंडू टाकला की सगळे पळाले.”

“पण कारखान्यातली सुट्टी इथेही अर्धाच तास असते. मग इथे का नाही रुजला?”

काकांनी डोकं खाजवलं. “वकील का नाही झालीस?” म्हणाले, आणि उत्तर द्यायला आठवडा मागून घेतला.

आठवड्याने त्यांनी आणलेलं उत्तर मला अजून आवडतं. “आपल्याकडे खेळ बघत नाहीत, खेळ चालू ठेवतात,” ते म्हणाले. “भाजी निवडता निवडता, इस्त्री करता करता. कोणीही आत येतो, विचारतो, किती झाले? कोणीतरी सांगतं. दर मिनिटाला सांगण्यासारखं काहीतरी असतंच. फुटबॉलमध्ये तू कढईखालचा गॅस बंद करायला गेलीस आणि तेवढ्यात गोल झाला, तर संपलं. ज्यांना दोन तास कामं सोडून नुसतं बसता येतं, किंवा बसायचंच असतं, त्यांचा हा खेळ.”

“तिकडच्या बायकांना गॅस बंद करावा लागत नाही?”

“लागतो,” काका म्हणाले. “हंऽ. परत अडकलो.”

मग आणखी एक: जो खेळ आधी येतो तो पहिल्या भाडेकरूसारखा खोली सोडत नाही, मागून आलेल्याला जिन्यात झोपावं लागतं. हे मला पटलं, पण पुरतं नाही. मी विचारलं, “मग तुमच्या खोलीत कसा शिरला? तुम्ही तर क्रिकेटवाल्यांच्या घरातले.”

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. जाहिराती चालू होत्या.

“मी एकतिसाव्या वर्षी गेलो तिकडे,” ते म्हणाले. “त्यांची भाषा येत नव्हती. दिवसभर वर क्रेनच्या खोक्यात एकटा, खाली आलो की नुसतं मान हलवायचं. चार महिने झाले असतील. एकदा जेवणाच्या खोलीत मॅच चालू होती, मी आपला कोपऱ्यात. गोल झाला. आणि शेजारच्याने मला मिठीच मारली. धिप्पाड माणूस, मला उचललंच त्याने. मी कोण, कुठला, त्याला ठाऊक नव्हतं.” त्यांनी बबडीच्या तोंडातून उशीचा कोपरा सोडवला. “चार महिन्यांत मला कोणाचा हात लागला नव्हता गं. दुसऱ्या दिवशी मी टीमचं नाव पाठ केलं.”

मी वहीत तेही लिहून ठेवलं. त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून समासात.

तो शनिवार बबडीच्या लसीनंतरचा. आदल्या दिवशी तिला ताप होता, म्हणून तिला झोपू द्यायचं आणि आपण हलायचंच नाही असं मी ठरवलं होतं. वही मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसले. ४.२५ ला वर खुर्ची सरकली. ४.५२ ला अर्धा धप्प. मग काही नाही. सव्वापाच, साडेपाच. बबडी गाढ, कपाळ गार. हाफटाइमला वर जायचं मनात आलं, पण तिला उचललं तर उठेल. सहा. सव्वासहा. दोन तास दहा मिनिटं सलग झोप, हा विक्रम होता. साडेसहाला मी “वर”च्या रकान्यात शून्य-शून्य लिहिलं आणि खूश होऊन खाली दोन रेघा मारल्या.

सहा चाळीसला नवरा कामावरून आला. बूट काढता काढता मोबाईल बघत होता. “आज काकांनी इमारत डोक्यावर घेतली असेल ना?”

“नाही. शांत होते. शून्य-शून्य.”

“कशाची शून्य-शून्य? लाल शर्टवाले चार-तीनने हरले. सात गोल झालेत!”

“तुझं काहीतरीच. दुसरी मॅच असेल ती,” मी म्हणाले, आणि वही आणून त्याच्यापुढे धरली. इतकी खात्री होती मला! त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. एकाखाली एक सात नावं, सात वेळा. पहिला गोल एकतिसाव्या मिनिटाला.

मला आत्या दिसल्या, दारात बॅग घेऊन उभ्या.

काकांची एक किल्ली आमच्याकडे असायची. त्यांच्या नळाचं पाणी आमच्या छतात झिरपलं होतं तेव्हापासून ती आमच्या मीटरशेजारच्या खिळ्याला लटकत होती. बबडीला तशीच उचलून मी जिना चढले, नवरा पुढे. आत टीव्ही चालू होता, चार माणसं मॅचबद्दल हसत बोलत होती. काका खुर्ची आणि भिंतीच्या मध्ये पडले होते. उशी काखेत. डोळे उघडे. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं. ओठ हलले, पण एकच बाजू हलली.

नवऱ्याने अँब्युलन्सला फोन लावला, मी आत्यांना. त्या मला ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “वेळ. शेवटचे धड केव्हा होते? डॉक्टर पहिलं तेच विचारतील. घड्याळ बघून सांग, अंदाजाने नको.”

इस्पितळात डॉक्टरबाईंनी खरंच पहिलं तेच विचारलं. “शेवटचं चांगलं कधी पाहिलंत?”

“पाहिलं नाही. ऐकलं. चार बावन्नला.”

“साधारण?”

“साधारण नाही.” मी वही टेबलावर उघडली. दूध, झोप, शी-शू, ताप, वर. त्यांचं बोट रकान्यांवरून फिरत पाचव्यावर थांबलं.

“‘पाय, अर्धा’ म्हणजे काय?”

“गोल होता होता राहिला की ते तसं करतात.”

नवऱ्याने मोबाईल पुढे केला. साडेचारला सुरू झालेली मॅच. बाविसाव्या मिनिटाला लाल शर्टवाल्यांचा फटका खांबाला लागून परत आला होता. चार बावन्न. एकतिसाव्या मिनिटाला गोल, आणि वरून आवाज नाही.

“म्हणजे चार बावन्न ते पाच एकच्या मध्ये,” डॉक्टरबाई म्हणाल्या. भिंतीवर सात वीस झाले होते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर नाही. आणि वेळ नक्की नसेल तर देताच येत नाही. “वेळ आहे अजून. पण प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.” त्या उठल्याच.

माझ्या वहीचं नंतर कोण कौतुक झालं. नवरा तर भेटेल त्याला सांगत सुटला, ज्या वहीला हसायचो तिनेच माणूस वाचवला. मी तिथून उठून जायचे. कारण त्याच पानावर, त्याच रकान्यात, दोन रेघांच्या वर शून्य-शून्य लिहिलेलं होतं. पावणेदोन तास काका जमिनीवर पडून सातही गोल ऐकत होते, आणि त्यांच्या बरोबर खाली बसून मी छताला मनातल्या मनात शाबासकी देत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, एकसारखी बोलत होती. “मॅच संपली की बाबा फोन करतात. काल आला नाही, मला वाटलं हरलो म्हणून रुसलेत. मी इथे तीनदा खिडकीत जाऊन ओरडले, समोरच्यांनी उलट ओरडून उत्तर दिलं. इथे एका खिडकीतून आवाज आला नाही ना, तर हाफटाइमला कोणीतरी दार वाजवतंच. म्हणतात, मेलास का रे?”

मी फोन ठेवला. अर्ध्या तासाची सुट्टी, गॅस, भाडेकरू, हार-जीत. इतके महिने आम्ही दोघांनी एवढा खल केला होता, आणि हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुठल्या देशाला कुठला खेळ का आवडतो ते मला अजूनही पुरतं सांगता येणार नाही. पण तो आवडल्याने काय होतं ते आता ठाऊक आहे. उद्या क्रिकेटमध्ये विकेट पडली आणि अकरांपैकी एका घरातून “श्शी!” आलं नाही, तर मला ते भाजी निवडता निवडता कळेल. काकांच्या खेळाचं आमच्याकडे कोणालाच काही कळत नव्हतं. मला थोडंसं कळत होतं, आणि घात झाला तो त्या थोड्याशाने. मला काहीच कळत नसतं, तर एवढी शांतता ऐकून मी घाबरले असते.

काका सहा आठवड्यांनी घरी आले. मुलगी येऊन महिनाभर राहिली, आता सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येतो. उजवा पाय ओढत चालतात. शब्द थोडेच परत आलेत: हो, नाही, चल, मुलीचं लाडाचं नाव. “गोल” अजून येत नाही. शनिवारी डावा पाय आपटतात. आवाज निराळा आहे, हलका. तो ओळखायला मला चार मॅच लागल्या. स्कोअर काहीही असो, हाफटाइमला मी वर जातेच. बबडी आता दीड वर्षाची आहे. तिला वाटतं पाय आपटणं हाच खेळ आहे, आणि ती दोन्ही आपटते.

पुढच्या महिन्यात नवऱ्याची बदली होतेय. आमच्या जागी एक जोडपं येणार आहे, दोघंही नोकरी करणारी, शनिवारी घरी असतात. खोल्या बघायला आली तेव्हा मी त्यांना मीटरशेजारची किल्ली दाखवली. डावा पाय, अर्धा धप्प, हाफटाइम, सगळं सांगितलं. “आवाज आला नाही तर शून्य-शून्य समजू नका,” म्हणाले, “वर जाऊन बघा.”

ती मुलगी छान हसली. “हो हो, बघू की,” म्हणाली. अगदी मी आत्यांपुढे हसले होते तशी.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय, आणि म्हणून हे तुमच्यापुढे मांडतेय. तुमच्याही वर, खाली किंवा भिंतीपलीकडे कोणीतरी असेल, ज्याचा खेळ तुम्हाला कळत नाही, ज्याच्या आवाजाला तुम्ही कंटाळला आहात. तो आवाज शेवटचा केव्हा ऐकलात ते आठवून बघा. नेमकं आठवत नसेल तर हे बाजूला ठेवा, चपला घाला, आणि त्यांचं दार वाजवून या.